हबीबभाईंचा खुराक

लाउडस्पीकरचा शोध ज्याने लावला त्याला आधी आमचे हबीबभाई भेटले असते, तर त्याने ती यातायात केलीच नसती. हबीबभाई अचलपुरात शिंकले की परतवाड्याच्या स्टँडवर डुलकी घेत असलेला एसटीचा कंडक्टर दचकून घंटी मारायचा आणि गाडी सुटायची. हे मी वाढवून सांगतो आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या कंडक्टरला जाऊन विचारावं. तो कधीचाच रिटायर झाला, पण कुणी शिंकलं की त्याचा उजवा हात अजून वर जातो.

आता हबीबभाई नाहीत. गेले तेही स्वतः भरलेल्या गादीवर, झोपेत, आवाज न करता. आयुष्यात आवाज न करता त्यांनी केलेली ही एकमेव गोष्ट.

धंद्याने ते गादीवाले. अचलपूरच्या बाजारात रुई पिंजून गाद्या, उशा, रजया भरायचं दुकान. भुवयांत कायम रुईचे तंतू अडकलेले, त्यामुळे भर उन्हाळ्यात माणूस काश्मीरहून आल्यासारखा दिसायचा. पण वऱ्हाडात त्यांना गादीवाला म्हणून ओळखणारे थोडे. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जिथे कुठे कबड्डीचे सामने व्हायचे, तिथे माइकवर हबीबभाई. ते नसले तर लोक सामना अर्ध्यात टाकून वडे खायला जायचे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गुण लिहायला मी बसायचो. मी अमरावतीचा, राजापेठेतला, शाळेतला ड्रिल मास्तर. वर्षानुवर्षं त्यांच्या डाव्या बाजूला बसल्यामुळे माझा उजवा कान कामातून गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या कानाने जेवढं ऐकलं तेवढं पुरेसं आहे.

माइक हातात घेण्यापूर्वी ते खिशातून रुईचा एक गोळा काढायचे, बोटांनी फुलवायचे आणि माइकच्या तोंडावर बसवायचे. "उघड्या माइकवर बोलणं म्हणजे बिनउशीचं झोपणं," म्हणायचे. "मान अवघडते. बोलणाऱ्याचीही अन् ऐकणाऱ्याचीही." सामन्यागणिक नवा गोळा. जुना गोळा मैदानात टाकायचे नाहीत, खिशात ठेवून घरी न्यायचे. त्यात त्या सामन्याचे शब्द असतात आणि तो उशीत भरला तर माणसाला झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे त्यांच्या हातची एक उशी आहे. मला तिच्यावर झोप लागत नाही, आता काय समजायचं ते समजा.

माइकवरचे त्यांचे दोन कायदे होते. पहिला, आडनाव घ्यायचं नाही. खेळाडूचं नाव आणि गाव, बस. "आडनाव चपलेसारखं," ते म्हणायचे, "मैदानाच्या बाहेर काढून ठेवा. कोणी चोरत नाही." एकदा धामणगाव रेल्वेला एका मोठ्या दलालाचा मुलगा खेळत होता. आयोजकांनी चिठ्ठी पाठवली की नाव पूर्ण घ्या, वडिलांचं नाव आणि आडनाव श्रीयुत लावून घ्या, त्यांनी मंडपाचा खर्च दिला आहे. हबीबभाईंनी चिठ्ठी माइकवरच वाचली. "चिठ्ठी आली आहे हो. चिठ्ठीत बापाचं नाव मोठं आहे अन् पोट्ट्याचं लहान. आपण इथं पोट्ट्याले खेळवून राहिलो, बापाले नाही. बापाले खेळायचं असन तं चड्डी घालून यावं." मैदान असं हसलं की स्टेशनवर थांबलेल्या मालगाडीतल्या सरकीच्या पोत्यांचे टाके उसवले. दलालही हसला, त्याला दुसरा मार्गच नव्हता.

दुसरा कायदा म्हणजे खुराक. चढाईला निघालेल्या प्रत्येक खेळाडूचा खुराक हबीबभाई जाहीर करायचे. हा पोरगा ट्रॅक्टरचं डिझेल पितो. हा रोज सकाळी भिजवलेल्या खिळ्यांची न्याहारी करतो. याच्या आजीने याला पाळण्यात असताना विजेच्या खांबाला टेकवून ठेवलं होतं. खेळाडू त्यासाठी जीव टाकायचे. बक्षिसाचा पेला घरी धूळ खातो, पण हबीबभाईंनी दिलेला खुराक गावात म्हातारपणापर्यंत टिकतो. परतवाड्यात एक माणूस अजून 'खिळेवाला' म्हणून ओळखला जातो. सुनेला वाटतं लोखंडाचं दुकान असेल.

मी एकदा विचारलं, "हबीबभाई, एवढं फेकता, पाप लागत नाही?"

ते गादीत रुई भरत होते. मूठभर रुई घेतली, पिंजली. ती फुगून त्यांच्या छातीपर्यंत आली.

"मास्तर, वजन करा."

"कशाला?"

"करा तं. मूठभर होती, मूठभरच भरंन. मी फुगवतो. वजन नाही वाढवत. वजन वाढवते तो भेसळवाला. त्याले पाप लागते."

हे सगळं एवढ्या विस्ताराने सांगायचं कारण रामलाल आणि ऋषिकेश.

दोघंही आमच्या डोळ्यांदेखत वाढलेले. रामलाल मेळघाटातल्या सेमलपाणीचा, कोरकू आदिवासी. अंगाने वेताच्या काठीसारखा, रंगाने तव्यासारखा, बोलायला वर्षातून एक शब्द, तोही दिवाळीच्या आसपास. ऋषिकेश राजापेठेतला, माझ्याच गल्लीतला. वडिलांचे टायरचे दुकान, आई बँकेत. मोकळा, हसरा पोरगा. दोघंही एकाच हंगामात व्यावसायिक लीगच्या एकाच संघात निवडले गेले, टीव्हीवर दिसले, आणि वऱ्हाडात आम्ही असे वागायला लागलो की जणू दोघांना आम्हीच जन्म दिला. लीगचं शिबिर संपवून दोघे अकोल्याला एका प्रदर्शनीय सामन्यात खेळले. माइकवर अर्थातच हबीबभाई. ऋषिकेश चढाईला निघाला, तेव्हा ते म्हणाले, "राजापेठेचा ऋषिकेश. याने जर्मनीचं इंजेक्शन घेतलं आहे हो, आता हा ब्रेक मारल्याशिवाय थांबत नाही." पुढची चढाई रामलालची. "सेमलपाणीचा रामलाल. मेळघाटात एक मुळी आहे. ती खाल्ली की वाघ वाट सोडते. याने दोन खाल्ल्या." रामलालने तिघांना घेऊन मध्यरेषा ओलांडली. लोक नाचले. मी तीन गुण लिहिले.

त्यानंतर महिनाभरात बातमी आली. लीगने शिबिरात घेतलेल्या नमुन्यांमध्ये दोघांच्याही लघवीत बंदी असलेलं एकच औषध सापडलं होतं. दोघंही निलंबित.

औषध एक, मात्रा जवळजवळ एक, दिवस एक. आता पेपर ऐका. एकाच पानावर दोन बातम्या. डावीकडे ऋषिकेशचा फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, हातात ढाल, शेजारी आई. मथळा: 'उमद्या खेळाडूवर आघात'. उजवीकडे रामलाल. चढाईतला फोटो, डोळे वटारलेले, तोंड उघडं, अंगभर माती. पोरगा मुळात सावळा, पण छापखान्यात उरलेली सगळी शाई त्या दिवशी त्याच्यावर ओतली होती. मथळा: 'जंगलातल्या मुळीने मैदानात झिंग?' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की छापणाऱ्याला पाप लागत नाही, अशी एक समजूत आहे.

मुळी कुठून आली? हबीबभाईंच्या तोंडून. त्या सामन्याची चित्रफीत कुणीतरी मोबाइलवर काढली होती. तिच्यातलं नेमकं तेवढं वाक्य कापून सगळ्या चॅनेलवर फिरवलं जात होतं. 'मेळघाटात एक मुळी आहे', आणि लगेच रामलालचे वटारलेले डोळे. मागे ढोल. त्याच्या आधीचं इंजेक्शनचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नव्हतं. रामलाल पत्रकारांशी बोलला नाही, तर 'संशयास्पद मौन'. ऋषिकेश बोलला नाही, तर 'मानसिक धक्क्यातून सावरतोय'.

मी पेपर घेऊन अचलपूरला गेलो. हबीबभाईंनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले.

"मास्तर, परीक्षा एक, मार्क एक. मंग एकाची माय फोटोत आहे, दुसऱ्याची काहून नाही? रामलालले काय झाडावरून तोडला होता?"

मी पेपरची घडी घालायला लागलो.

"अन् मुळी मी दिली," ते म्हणाले. "मी फुगवली, यायनं त्यात दगड भरले."

तेवढ्यात एका चॅनेलची गाडी दुकानासमोर थांबली. मुळीचं वाक्य बोलणाऱ्याचं नाव हबीब आहे हे कळल्यावर त्यांच्या बातमीला आणखी एक पाय फुटला होता. तरुण वार्ताहर कॅमेऱ्याकडे तोंड करून कुजबुजत म्हणाला, "या पोत्यांमध्ये नेमकं काय आहे?"

"हात घाला ना बाप्पा," हबीबभाई म्हणाले.

त्याने कोपरापर्यंत हात घातला. दाबून भरलेली रुई, शिवण सैल. पोतं फुटलं. दुकानात जे हिमवादळ झालं त्यात तो वार्ताहर, कॅमेरा आणि शेजारच्या दुकानातली एक बकरी दिसेनाशी झाली. पोरगा शिंकून शिंकून लाल झाला. हबीबभाईंनी त्याला खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि गुळाचा खडा दिला. रुई नाकातोंडात गेली की पिंजणारे गूळच खातात, त्याने घसा सुटतो. संध्याकाळी चॅनेलवर पट्टी फिरली: 'गूळ देऊन पत्रकाराचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न?' पुन्हा प्रश्नचिन्ह.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण पुढच्या सामन्यात घाटातली काही कोरकू पोरं खेळायला उतरली आणि प्रेक्षकांतून आरोळ्या आल्या, "मुळी, मुळी." पोरं खाली मान घालून खेळली आणि हरली. हबीबभाईंनी त्या दिवशी एकाही खेळाडूला खुराक दिला नाही. फक्त गुण सांगितले, टपालखात्यातल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सेमलपाणीला गेले. एसटीने घाट चढेपर्यंत माणूस एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं उतरल्याबरोबर याला दवाखान्यात न्यावं लागणार. रामलाल घराच्या ओट्यावर बसला होता. मुळी शोधायला आलेले पोलीस आदल्याच दिवशी घर पालथं घालून गेले होते. आम्हाला पाहून उठला, पाणी आणलं.

"काहून बोलत नाही बेटा कोणाशी?" हबीबभाईंनी विचारलं.

"काय बोलू चाचा? बोललो तं म्हणते जंगली बोलला. नाही बोललो तं म्हणते लपवते."

त्याची आई आतून आली. ठेंगणी, काटक बाई. आम्हाला कुटकीचा भात वाढला आणि हबीबभाईंच्या समोर बसली. त्यांना वाटलं आता ही शिव्या देणार. त्यांनी शिव्या खायची पूर्ण तयारी केली, टोपीसुद्धा नीट केली.

"भाई," ती म्हणाली, "वो जडी किधर मिलती? मेरा घुटना बहुत दुखता."

हबीबभाईंच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी हात धुतले, बाहेर जाऊन एका सागाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. झाडाशी काय बोलले ते मला माहीत नाही. परत येऊन बाईंच्या गुडघ्यासाठी रुईची गरम पट्टी कशी बांधायची ते दाखवत बसले.

चौकशी समिती अकोल्याला विश्रामगृहात बसणार होती. ठरायचं एवढंच होतं: औषध अजाणता पोटात गेलं की जाणूनबुजून घेतलं. अजाणता ठरलं तर ताकीद आणि सुटका. जाणूनबुजून ठरलं तर इतकी लांब बंदी की ती संपेपर्यंत खेळाडूचे केस पांढरे व्हावेत. बाहेर सगळ्यांनी निकाल लावूनच टाकला होता. ऋषिकेश अजाणता, रामलाल जाणूनबुजून. पुरावा काय, तर हबीबभाईंची मुळी.

त्यांना साक्षीला बोलावलं होतं, गुणलेखक म्हणून मलाही. जाताना गाडीत मी म्हणालो, "हबीबभाई, सोपं आहे. त्याच सामन्यात तुम्ही ऋषिकेशला जर्मनीचं इंजेक्शन दिलं होतं. तेवढं सांगा. मुळी खरी धरली तर इंजेक्शनही खरं धरावं लागेल. तोंडं बंद होतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या गादीत खडे भरतो आहे.

"अन् उद्या पेपरात काय येईन? 'इंजेक्शन?' त्या पोट्ट्याच्या मायचा फोटो काढून टाकतीन अन् तिथं सुई छापतीन. एकाची गादी फाडून दुसऱ्याची उशी नाही भरत मी. धंद्यातही नाही भरली."

"मग काय सांगणार?"

"खरं सांगीन."

ही बातमी ऐकून मला घाम फुटला. हबीबभाई आणि खरं, या दोन गोष्टी एका खोलीत कधी बसल्या नव्हत्या.

समितीच्या अध्यक्ष नागपूरच्या एक निवृत्त डॉक्टर बाई होत्या, करड्या आवाजाच्या. सोबत दोन सदस्य. समोर एका बाजूला रामलाल एकटा, दुसऱ्या बाजूला ऋषिकेश, त्याचे वडील आणि वकील. मागे पत्रकार.

"तुम्ही मुळी म्हणालात," बाई म्हणाल्या. "कोणती मुळी? नाव सांगा."

"मुळी नाही बाई. मी म्हटली म्हणून झाली."

"म्हणजे खोटं बोललात?"

"नाही बाई. ते... ते खुराक असते."

"म्हणजे?"

हबीबभाईंनी तोंड उघडलं, मिटलं. घसा खाकरला. चाळीस खेड्यांना हसवणारा माणूस खुर्चीत बसून घामाघूम. माइक नाही, मैदान नाही. साध्या आवाजात साधी गोष्ट सांगायची वेळ आली आणि त्यांना ती भाषाच येत नव्हती. एक सदस्य घड्याळ पाहायला लागले. मागे पत्रकारांची बोटं मोबाइलवर चालू झाली, आणि मला उद्याचा मथळा दिसायला लागला: 'साक्षीदार गडबडला?'

तेवढ्यात दार उघडलं आणि विश्रामगृहाचा शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला.

हबीबभाई उठले. खिशात हात घातला. तिथे मागच्या सामन्याचा रुईचा गोळा होता. बाईंच्या टेबलावरचा पाण्याचा रिकामा पेला उचलला, त्याच्या तोंडावर गोळा बसवला आणि ओठांशी धरला.

"आले हो आले, विश्रामगृहाचे भाऊ आले. ट्रे पाहा, चढाई पाहा, खुर्चीच्या डाव्या बाजूनं आत शिरले, वकीलसायेबाच्या पायाला चकवा दिला, एक थेंब सांडला नाही. याचा खुराक सांगतो. यानं लहानपणी रेल्वेचं इंजिन गिळलं. अकोला जंक्शनवाले अजून शोधून राहिले."

शिपाई ट्रेसकट जागेवर थिजला. मग त्याची छाती हळूहळू फुगायला लागली, आणि उरलेले कप त्याने पैलवानासारखी पावलं टाकत वाटले.

"घड्याळवाले सायेब," हबीबभाई सदस्यांकडे वळले, "यांच्या पोटात विजेचं सबस्टेशन आहे. सायेब बसले की अख्ख्या मोहल्ल्यात लाइट येते." सदस्यांनी पोट आत घेतलं. "अन् मधात बाई. बाईनं पाळण्यात असताना कायद्याचं पुस्तक दुधात उगाळून घेतलं. म्हणून त्या कोणाले ऐकल्याशिवाय शिक्षा करत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. सगळे बाईंकडे पाहत होते. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग सबस्टेशन गडगडलं. मग पत्रकार.

हबीबभाईंनी पेला खाली ठेवला. "हे असते बाई खुराक. जो चढाईले निघते त्याले देतो. इंजिन शोधाले पोलीस पाठवता का? मंग मुळी शोधाले रामलालच्या घरी काहून पाठवले?"

बाईंनी पेन उचललं. कागदावर काही लिहिलं. मग मान वर करून त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"सगळ्यांना देता ना? मग त्या सामन्यात ऋषिकेशला काय दिलं होतं?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हबीबभाईंना वीस वर्षांपूर्वीच्या सामन्यातला खुराक आठवायचा. पत्रकारांची बोटं हवेत थांबली होती. ऋषिकेशने मान खाली घातली.

"याद नाही बाई," हबीबभाई म्हणाले. "म्हातारा झालो."

आयुष्यभर फुगवणारा माणूस त्या दिवशी एक गोष्ट कमी बोलला.

ऋषिकेश उभा राहिला. वकिलाने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली.

"मॅडम, त्यांना आठवतंय. मला जर्मनीचं इंजेक्शन दिलं होतं. मुळीच्या आधीच्याच चढाईला. सगळं मैदान हसलं, मीही हसलो. ते कुणीच दाखवलं नाही." त्याने रामलालकडे पाहिलं. "आणि पावडरचा डबा माझा होता. शक्तीची पावडर, शिबिराजवळच्या दुकानातून घेतलेली. रामलाल नको म्हणायचा. म्हणायचा, मला दूध पुरतं. मीच त्याच्या पेल्यात टाकायचो. आम्ही एका खोलीत राहायचो."

त्याच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात लांब करून पोराच्या पाठीवर ठेवला. पलीकडे रामलाल उठून उभा होता. काही बोलला नाही, दिवाळीला अवकाश होता. फक्त आपली खुर्ची उचलली आणि ऋषिकेशच्या शेजारी नेऊन ठेवली.

त्याच पावडरचे सीलबंद डबे तपासणीला गेले. कारखान्यातच भेसळ झालेली निघाली. दोघंही अजाणता ठरले, दोघांनाही सारखीच ताकीद, दोघंही सुटले. निकाल ऐकून मी असा सुस्कारा सोडला की अकोल्याचं तापमान त्या दिवशी खाली आलं. हवामानखात्याने कारण ढगांवर ढकललं. पेपरांनीही छापलं, आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, तीन बोटं जागेत. या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं, एवढीच प्रगती.

मग तो सामना. पुन्हा अकोला, तेच मैदान, दोघं परत खेळणार म्हणून माणसं झाडांवर चढलेली. रामलालची आई पहिल्यांदाच घाट उतरून आली होती. हबीबभाई रंगात होते. ऋषिकेशला म्हणाले, "राजापेठेच्या ट्राफिकमधले सगळे हॉर्न गिळून आला आहे हो, बाजूले व्हा." लोक हसले. मग रामलाल चढाईला निघाला आणि मैदान कान देऊन थांबलं.

"रामलाल," हबीबभाई म्हणाले. "गाव सेमलपाणी."

एवढंच. पुढे काही नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते.

रामलाल मध्यरेषेपाशी थबकला. वळला, आणि सरळ आमच्या टेबलाकडे चालत आला. पंचाने शिटी मारली, त्याने ऐकली नाही.

"चाचा, मले काहून उपाशी ठेवलं?"

हबीबभाईंनी माइक हाताने झाकला. "बेटा, मंग पुन्हा ते लोक..."

"सगळ्यायले दिलं. मलेच नाही दिलं, तं मंग ते लोक खरे झाले ना."

पोराने वर्षभराचे शब्द एका दमात खर्च केले आणि परत जाऊन मध्यरेषेवर उभा राहिला.

हबीबभाईंनी माइकवरचा गोळा काढून खिशात टाकला. नवा काढला. फुलवत राहिले, फुलवत राहिले, तो पपईएवढा झाला.

"ऐका हो अकोलेकर. मेळघाटात एक मुळी आहे. तिचं एक टोक सेमलपाणीत अन् दुसरं टोक समुद्रात. जहाजं तिले बांधून ठेवते. ती खाल्ली की वाघ वाट सोडते, बिबट्या रामराम घालते अन् अस्वल बिडी विचारते. रामलालनं ती अख्खी खाल्ली. जहाजं सुटली, सरकार परेशान आहे. अन् ज्यांच्या वावरात ती मुळी उगवते, त्या मालकीणबाई तिसऱ्या रांगेत बसून शेंगा खाऊन राहिल्या. मुळी पाहिजे असन तं त्यायले विचारा."

सगळं मैदान वळलं. फोटोवाले धावले. बाईंना वाटलं शेंगांवरून काही भांडण आहे, त्यांनी टरफलं घाईघाईने लुगड्याच्या ओच्यात लपवली. मग हसणाऱ्या तोंडांवरून त्यांना उमगलं, आणि त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तिकडे रामलाल चौघांना ओढत मध्यरेषेवर येऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मातीने माखलेला रामलाल आणि शेजारी त्याची माय. ओच्यात टरफलं दिसतात.

सामना संपल्यावर मी हबीबभाईंना स्टँडवर सोडायला गेलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. अचलपूरची गाडी लागली होती. ते खिडकीपाशी बसले, त्या दिवशीचे दोन गोळे शर्टाच्या खिशात, खिसा कबुतर ठेवल्यासारखा फुगलेला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. ते कंडक्टरला काहीतरी सांगत होते, हात समुद्राएवढे पसरून. तिकिटाचं यंत्र कंडक्टरच्या हातात तसंच होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं. ड्रायव्हर दोनदा मागे वळून ओरडला, मग इंजिन बंद करून तोही ऐकायला मागे येऊन बसला.

मी थोडा वेळ थांबलो. गाडी काही सुटेना, म्हणून घरी आलो.